चित्राचे वजन : वेबपानावरील प्रतिमा हलक्या करण्याचा इतिहास

वेबपान उघडायला लागणारा वेळ बऱ्याच अंशी त्यावरील चित्रांच्या वजनावर ठरतो, आणि हे वजन घटवण्याचे कसब वेबवर पहिली चित्रे झळकली त्या काळापासून घडत आले आहे. येथे वजन म्हणजे फाइलचा बाइटमध्ये मोजलेला आकार, आणि तो घटवण्याचे मार्ग मुळात दोन आहेत. पहिला मार्ग मापाचा: चित्र ज्या रंगबिंदूंनी, म्हणजे पिक्सेलनी बनलेले असते त्यांची संख्याच कमी करणे. दुसरा मार्ग संकोचनाचा: तेवढ्याच पिक्सेलची माहिती कमी बाइटमध्ये बसवणे. मोबाइलचा साधा कॅमेरा आज सहज टिपतो ते ४,००० × ३,००० पिक्सेलचे छायाचित्र, प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाचा एकेक बाइट धरला, तर संकोचनाविना ३६ मेगाबाइट जागा व्यापते. तेच पानावरील ८०० पिक्सेल रुंदीच्या जागेपुरते लहान केले, की पिक्सेलची संख्या एक-पंचविसांश उरते, आणि त्यावर नीट संकोचन केल्यास शंभर किलोबाइटच्या आसपासची फाइल तयार होते, जी पाहताना वाचकाला काही उणे भासत नाही.

या कसबाच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: चित्राचा भार कोणी वाहायचा, ते प्रसिद्ध करणाऱ्याने थोडे कष्ट घेऊन, की ते पाहणाऱ्याने वेळ आणि पैसा खर्चून? जोडणीचा वेग जसजसा वाढत गेला तसतशी चित्रेही जड होत गेली, आणि वेगवाढीचा लाभ पुष्कळदा तेथेच जिरला. याउलट ज्या उपायांची मांडणी सर्वांत मंद जोडणीवरच्या वाचकापासून सुरू झाली, त्यांचा फायदा वेगवान जोडणीवरच्या वाचकालाही मिळाला.

संकोचनाची साधने वेबपेक्षा जुनी आहेत. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी दूरध्वनीच्या तारेवरून संगणकसेवा पुरवत असे, आणि तिच्या ग्राहकांना वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांवर एकच रंगीत चित्र पाहता यावे यासाठी स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली १९८७ साली ‘जीआयएफ’ हा फाइल-प्रकार तयार झाला. त्यात एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग मिळत, आणि संकोचनासाठी टेरी वेल्च यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ‘एलझेडडब्ल्यू’ पद्धत वापरलेली होती. या पद्धतीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमांची एक सारणी बनत जाते आणि तोच क्रम पुढे आला की त्याच्याऐवजी सारणीतील फक्त एक सांकेतिक अंक लिहिला जातो. त्यामुळे सपाट रंगांची मानचिन्हे, आलेख आणि रेखाटने फार थोड्या जागेत मावतात, आणि उलगडताना मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. अशा संकोचनाला हानिरहित संकोचन म्हणतात.

छायाचित्रांना मात्र ही पद्धत मानवत नाही, कारण आभाळाच्या किंवा चेहऱ्याच्या छटा पिक्सेलागणिक किंचित बदलत असतात आणि तंतोतंत पुनरावृत्ती क्वचितच सापडते. त्यांच्यासाठीचा मार्ग बंगळुरूत जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नासिर अहमद यांच्या कल्पनेतून निघाला. कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ साली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती रूपांतरणावर संशोधन करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८६ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त मंडळाने याच रूपांतरणाच्या पायावर छायाचित्रांसाठी मानक रचले. मंडळाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जेपेग’ म्हणून ओळखले जाणारे हे मानक १९९२ साली मान्य झाले.

जेपेगची प्रक्रिया थोडी जवळून पाहिली, तर हलके करणे म्हणजे नेमके काय सोडून देणे हे कळते. प्रथम प्रत्येक पिक्सेलमधील उजेडाची माहिती रंगाच्या माहितीपासून वेगळी काढली जाते, आणि मानवी डोळा उजेडातील फरकांच्या मानाने रंगातील फरकांबाबत कमी चोखंदळ असल्यामुळे रंगाची माहिती बहुधा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी केली जाते. एवढ्यानेच एकूण माहिती अर्ध्यावर येते. त्यानंतर चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ६४ मूल्यांचे कोसाइन रूपांतरण होते, म्हणजे त्या चौकोनात संथ चढउतार किती आणि बारीक खळबळ किती हे ६४ नव्या अंकांत मांडले जाते. मग हे अंक एका ठरावीक कोष्टकातील संख्यांनी भागून पूर्णांकात आणले जातात. बारीक तपशिलांचे भाजक मोठे असल्याने त्यांतले बहुतेक अंक शून्य होतात, आणि शून्यांची लांबच लांब रांग अत्यल्प जागेत लिहिता येते. चित्र जतन करताना ‘क्वालिटी’चा जो आकडा विचारला जातो, तो या कोष्टकाची कठोरता ठरवतो. येथे गाळलेले परत मिळत नाही, म्हणून हे सहानि संकोचन होय. तेच चित्र पुन्हा पुन्हा उघडून जतन केले की हानी साचत जाते, आणि हातोहात फिरलेल्या शुभेच्छाचित्रांत अक्षरांभोवती दिसणारा मळकट धुरळा व चौकटी त्यातूनच उमटतात.

वेबवर पानातच चित्र दाखवण्याची सोय १९९३ साली आली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात मोझेक नावाचा ब्राउझर तयार करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मजकुराच्या ओघात चित्र बसवणाऱ्या ‘आयएमजी’ खुणेचा प्रस्ताव मांडला. अधिक व्यापक रचना करावी, असे इतरांचे म्हणणे असतानाही मोझेकमध्ये ती खूण आली, आणि मोझेक झपाट्याने पसरल्याने तीच रूढ झाली. तिच्यात चित्राचा फक्त पत्ता सांगितलेला असे; वाचकाच्या पडद्याची रुंदी किती, त्याची जोडणी कोणत्या वेगाची, याचा विचार करायला तिच्यात जागा नव्हती. ही उणीव भरून निघायला पुढे वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

त्या काळी घरून वेब पाहायचे तर दूरध्वनीच्या तारेला जोडलेला मोडेम हेच साधन होते. सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेममधून आदर्श स्थितीतही सेकंदाला ३.६ किलोबाइट माहिती येई, म्हणजे ५० किलोबाइटचे एकच चित्र पूर्ण उतरायला चौदा सेकंद लागत. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ९.६ किलोबिटची जोडणी प्रचलित होती. तिच्यावर त्याच चित्राला चाळीस सेकंदांहून अधिक वेळ लागे, आणि त्या प्रत्येक सेकंदाबरोबर दूरध्वनीचे देयकही वाढत असे. निगमाच्या स्वस्त ‘शेल’ खात्यावर तर फक्त मजकूर दिसे. चित्रांसह वेब पाहण्यासाठी महागडे खाते घ्यावे लागे. भारतीय वाचकांच्या पहिल्या पिढीसाठी चित्र ही अशा रीतीने वेगळे मोल मोजून मिळणारी वस्तू होती.

या अडचणीतून जे उपाय निघाले त्यांत वाचकाच्या प्रतीक्षेची जाण दिसते. जीआयएफमध्ये ओळी क्रमाने न पाठवता आधी दर आठवी ओळ, मग मधल्या ओळी अशा चार फेऱ्यांत पाठवण्याची सोय होती, त्यामुळे चित्र अंधूक रूपात लवकर दिसे आणि हळूहळू स्पष्ट होत जाई. जेपेगमध्येही अशीच टप्प्याटप्प्याने उलगडणारी आवृत्ती आली. डिसेंबर १९९४ मध्ये बाजारात आलेल्या नेटस्केप ब्राउझरने जेपेग थेट पानात दाखवायला सुरुवात केली, आणि चित्राची रुंदी व उंची खुणेतच लिहिण्याची पद्धत रुजवली, जेणेकरून चित्र येण्यापूर्वीच त्याची जागा राखली जाईल आणि मजकूर वाचता वाचता खाली सरकणार नाही. आधी एक अगदी हलके चित्र आणि मागाहून खरे चित्र दाखवण्याची सोयही त्यात होती. शिवाय वाचकाला चित्रे आपोआप उतरवणे बंद करता येई, म्हणून चित्राच्या जागी दिसणारे पर्यायी शब्द लिहिणे हे सुजाण पानकर्त्याचे लक्षण मानले जाई.

त्याच डिसेंबरमध्ये एलझेडडब्ल्यूचे पेटंट असलेल्या युनिसिस कंपनी जीआयएफ वापरणाऱ्या आज्ञावलींकडून परवाना-शुल्क घेणार असल्याचे जाहीर झाले, आणि संगणकतज्ज्ञांत खळबळ उडाली. जानेवारी १९९५ मध्ये टॉमस बूटेल यांनी पेटंटमुक्त पर्यायाचा आराखडा चर्चेला ठेवला, जगभरच्या स्वयंसेवकांनी तो पुढे नेला, आणि ‘पीएनजी’ हा प्रकार १ ऑक्टोबर १९९६ रोजी वेबच्या मानकसंस्थेची शिफारस म्हणून मान्य झाला. तो हानिरहित होता, लक्षावधी रंग दाखवू शके, आणि त्यात पारदर्शकतेच्या सलग छटा ठेवता येत. तरी त्या छटा सर्वाधिक प्रचलित असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट दिसण्यासाठी २००६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. चित्राचा नवा प्रकार कितीही सरस असला, तरी तो ब्राउझरनी स्वीकारेपर्यंत वाचकाला उपयोगाचा नसतो, हा धडा वेबने येथे प्रथम गिरवला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चित्र हलके करणे हा स्वतंत्र कौशल्याचा भाग झाला. पुष्कळ संगणकांचे पडदे २५६ रंगच दाखवत, म्हणून लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी सहा पातळ्यांतून बनणाऱ्या २१६ रंगांचा ‘वेबसुरक्षित’ संच रचनाकार वापरत. जीआयएफमधील रंग एकेक करून घटवत, आणि कोठवर घटवले तर चित्र बिघडत नाही याचा अंदाज नजरेने घेत. १९९९ साली फोटोशॉपच्या ५.५ आवृत्तीत ‘सेव्ह फॉर वेब’ ही आज्ञा आली. तिच्या खिडकीत मूळ चित्र आणि त्याची वेगवेगळ्या प्रमाणात संकोचित केलेली रूपे शेजारी शेजारी दिसत, आणि प्रत्येकाखाली फाइलचा आकार व मोडेमवरून ती उतरायला लागणारे सेकंद लिहिलेले असत. या मांडणीने एक महत्त्वाची गोष्ट साधली: वाचकाची प्रतीक्षा हा आकडा चित्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, निर्णयाच्या क्षणी आला.

मराठीसह सर्व भारतीय भाषांना या काळात आणखी एक भार सोसावा लागला. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत झालेला होता, परंतु घरोघरच्या संगणकांना ती नीट दाखवता येत नव्हती. विंडोज २००० आणि त्यातील मंगल फॉन्टपासून हे चित्र पालटू लागले. तोपर्यंत मराठी संकेतस्थळांना एक तर आपला खास फॉन्ट वाचकाला उतरवून घ्यायला लावावा लागे, नाही तर मजकुराचेच चित्र करून चढवावे लागे. युनिकोडमध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह प्रचलित पद्धतीनुसार तीन बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हांचा परिच्छेद तीन किलोबाइटमध्ये मावतो. त्याच परिच्छेदाचे वाचता येईल असे चित्र त्याच्या कितीतरी पट जड होई, शिवाय त्यात शोध घेता येत नसे आणि दृष्टिहीन वाचकाला ते ऐकताही येत नसे. युनिकोड रुळल्यानंतर, आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पांमुळे, मजकूर मजकूर म्हणूनच लिहिण्याची सवय वाढली. तरीही सूचना, निमंत्रणे आणि कार्यक्रमपत्रिका यांचे फोटो करून संकेतस्थळावर टाकण्याची रीत अजून मोडलेली नाही, आणि वेबपान हलके करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय पुष्कळदा हाच असतो की, जे शब्दांत लिहिता येते त्याचे चित्र करूच नये.

ब्रॉडबँड आल्यावर वजनाची चिंता काही काळ मागे पडली. ती पुन्हा पुढे आणण्याचे श्रेय याहू कंपनीत वेगाच्या अभ्यासाचे काम पाहणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांना बऱ्याच अंशी जाते. पान उघडायला लागणाऱ्या वेळेपैकी ८० ते ९० टक्के वेळ मूळ दस्तऐवज पोचल्यानंतर चित्रे आणि अन्य घटक उतरवण्यात व मांडण्यात जातो, हे त्यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले. प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र मागणी करावी लागत असल्याने अनेक छोटी चिन्हे एकाच मोठ्या चित्रात बसवून त्याचा हवा तो तुकडा दाखवण्याची युक्ती डेव्ह शे यांनी २००४ साली मांडली होती. ती आता सर्वत्र पसरली. २००८ साली स्टोयन स्टेफानोव्ह आणि निकोल सलिव्हन यांनी ‘स्मश इट’ ही सेवा सुरू केली, जी चित्राच्या दर्जाला धक्का न लावता फाइलमधील अनावश्यक नोंदी काढून टाकत असे. कॅमेऱ्याचे नाव, टिपण्याची वेळ, प्रसंगी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अशी माहिती छायाचित्राच्या पोटात दडलेली असते. ती काढल्याने वजन घटते आणि खासगीपणही जपले जाते.

मोबाइलने हा प्रश्न मुळापासून बदलला. २००५ साली आलेल्या ऑपेरा मिनी या ब्राउझरने पान आधी आपल्या सर्व्हरवर उतरवून, चित्रे लहान करून, मगच ते साध्या हँडसेटवर पाठवण्याची पद्धत अवलंबली, आणि भारतात तो अतिशय लोकप्रिय झाला. त्यात चित्रांचा दर्जा कमी-जास्त करण्याची किंवा ती सर्वस्वी बंद ठेवण्याची सोय होती. ज्या हँडसेटमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता, तेथे गुंतागुंतीच्या लिप्यांचा मजकूर सर्व्हरवरच चित्ररूप करून पाठवण्याची सुविधाही त्याच्या आतल्या मांडणीत होती, आणि तिच्या आधारे अनेकांनी छोट्या पडद्यावर मराठी वाचले. एरवी जड ठरणारा उपाय येथे उपकारक ठरला, कारण त्याचा विचार वाचकाच्या हातातील यंत्रापासून सुरू झाला होता.

दुसरीकडे, मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार आपली मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. ती झपाट्याने रूढ झाली, पण तिच्यात चित्र फक्त दिसायला लहान होई. फाइल मोठ्या पडद्यासाठीचीच उतरे. त्याच वर्षी दुप्पट घनतेच्या पडद्याचा आयफोन आला, आणि तेवढ्याच जागेत रेखीव दिसण्यासाठी चौपट पिक्सेल लागू लागले. २०१२ साली स्वयंसेवी रचनाकारांचा एक गट यावर उपाय शोधायला एकत्र आला. त्याच्या आणि ब्राउझर-निर्मात्यांच्या दीर्घ वादविवादातून ‘सोर्ससेट’ आणि ‘पिक्चर’ या रचना निश्चित झाल्या, ज्यांत पानकर्ता एकाच चित्राच्या अनेक मापांच्या प्रती नमूद करतो आणि पडद्याला साजेशी प्रत ब्राउझर निवडतो. क्रोममध्ये ‘पिक्चर’ आणण्याचे काम योआव वाइस यांनी लोकवर्गणीच्या साहाय्याने केले, आणि ते २०१४ साली वाचकांपर्यंत पोचले. १९९३ च्या खुणेतली मूळ उणीव येथे भरून निघाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, मराठीतील अनेक ब्लॉग आणि छोटी संकेतस्थळे ज्यावर चालतात त्या वर्डप्रेसच्या ४.४ आवृत्तीत ही सोय आपोआप मिळू लागली, आणि तिचे नावही न ऐकलेल्या लेखकांच्या वाचकांना तिचा लाभ झाला.

फाइल-प्रकारांतही याच काळात नवी भर पडली. गूगलने सप्टेंबर २०१० मध्ये चित्रफितींच्या संकोचनातून निघालेला ‘वेबपी’ जाहीर केला. तो जेपेगपेक्षा बहुधा लहान फाइल देतो, तरी सर्व प्रमुख ब्राउझरनी तो स्वीकारायला २०२० साल उजाडले. २०१९ साली सिद्ध झालेला ‘एव्हीआयएफ’ त्याच वाटेने आणखी पुढे गेला. २०१९ सालीच क्रोममध्ये पानाच्या खालच्या भागातील चित्रे वाचक तेथवर पोचण्याच्या बेतात असतानाच उतरवण्याची सोय आली. तिचा गैरवापर मात्र सर्रास होतो, कारण पानाच्या माथ्यावरच्या मुख्य चित्रालाही ती लावली, तर जे सर्वांत आधी दिसायला हवे तेच उशिरा येते. पानातील सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांत दिसावा, हा निकष गूगलने २०२० साली पुढे ठेवल्यापासून असा उशीर मोजमापात लगेच पकडला जातो.

इतकी साधने हाताशी असूनही पानांचे वजन उतरलेले नाही. वेबची नियमित मोजदाद करणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्हच्या नोंदींनुसार, २०११ च्या सुमारास मध्यम वेबपान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होते, तर २०२४ पर्यंत ते अडीच मेगाबाइटच्या घरात गेले, आणि त्यात एक मेगाबाइटच्या आसपास वाटा चित्रांचाच होता. महाराष्ट्रातील लाखो तरुणांना हे गणित वेगळ्या वाटेने ठाऊक आहे: बँकांच्या भरती परीक्षांच्या ऑनलाइन अर्जात फोटो २० ते ५० किलोबाइट आणि सही १० ते २० किलोबाइट एवढीच चालते, आणि गावोगावच्या सेवाकेंद्रांत फोटो ‘केबीत बसवून’ देणे हे रोजचे काम झाले आहे. अर्जदाराकडून जी काटकसर संस्था सक्तीने करवून घेते, ती स्वतःच्या संकेतस्थळावर पाच मेगाबाइटचे छायाचित्र चढवणाऱ्या कोणत्याही संस्थेला अवघड असण्याचे कारण नाही.

या सर्व प्रवासातून जी कार्यपद्धती स्थिरावली ती मोजक्या शब्दांत सांगता येते: मूळ प्रत जपून ठेवावी, जागेपुरते माप करावे, छायाचित्राला सहानि आणि रेखाटनाला हानिरहित संकोचन द्यावे, अनावश्यक नोंदी काढाव्यात, रुंदी-उंची आणि पर्यायी शब्द लिहावेत, आणि परिणाम मंद जोडणीच्या स्वस्त मोबाइलवर तपासावा. यातील एकही पायरी आज खर्चिक नाही आणि बहुतेक कामे यंत्रे आपोआप करतात. उरते ती फक्त जबाबदारी घेण्याची तयारी. छापील पुस्तकात मुद्रितशोधनाला जे स्थान आहे, तेच वेबपानात चित्रांच्या वजनाच्या तपासणीला असायला हवे: ती केल्याचे वाचकाच्या ध्यानात येत नाही, पण ती न केल्याचा भुर्दंड मात्र प्रत्येक वाचकाला सोसावा लागतो, आणि ज्याच्याकडे डेटा थोडा व जोडणी मंद, त्याला तो सर्वांत जास्त पडतो.